कोकण रेल्वेचे भांडवल

बोरघाटातून आगगाडी वर चढली ती अभियंत्यांच्या आणि हजारो मजुरांच्या श्रमाने, हे खरेच. परंतु त्या श्रमांमागचे द्रव्य उभे राहिले ते सरकारी हमीवर. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने जी. आय. पी. रेल्वेशी जो करार केला, त्यात भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी होती. नफा होवो अथवा न होवो, विलायतेतील भागधारकाचे व्याज चुकणार नव्हते, आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. अशा निर्धास्त पैशाने १८६३ साली घाट ओलांडला, कारण घाटापलीकडे कापूस होता. घाटाखालच्या चिंचोळ्या पट्टीत त्या भांडवलाला भुलवील असे काही नव्हते. म्हणून ज्या कोकणाने मुंबईच्या गिरण्यांना आणि गोदीला आपली तरणी माणसे दिली, त्याच्या वाट्याला आगबोट आणि पुढे एस.टी. एवढेच आले.

स्वातंत्र्यानंतर अ. ब. वालावलकरांनी स्वतः पाहणी करून कोकणातून रेल्वेचा मार्ग शक्यकोटीतला आहे असे दाखवले, आणि बॅ. नाथ पै व त्यांच्यामागून प्रा. मधू दंडवते यांनी राजापूरच्या मतदारांच्या वतीने लोकसभेत त्याचा अखंड पाठपुरावा केला. तरीही रूळ दिव्याहून पनवेल, आपटा करीत रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडले. सह्याद्रीचे कडे आणि खाड्या यांवर या विलंबाचे खापर फोडण्याचा प्रघात आहे. मला मात्र त्याचे मूळ दिल्लीच्या अंदाजपत्रकात दिसते, कारण दरसाल तुकड्यातुकड्याने मिळणाऱ्या तरतुदीवर एवढे काम पिढ्यान्‌पिढ्या संपले नसते.

ही कोंडी फुटली १९९० साली. दंडवते अर्थमंत्री आणि मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९ जुलै रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा शेकडा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. आणि खर्चाची उरलेली, म्हणजे बहुतांश, रक्कम करमुक्त रोखे विकून बाजारातून उभारावयाची. रोखे घेणाऱ्याचा विश्वास अर्थातच डोंगरातल्या न झालेल्या बोगद्यांवर नव्हता, तर पाठीशी उभ्या असलेल्या सरकारांवर होता.

पैसा आला, पण त्याबरोबर व्याजाचे चक्रही सुरू झाले, आणि कोकणची भूमी व्याजाची घाई जाणत नव्हती. एकेका सातबाऱ्यावर चार-चार पिढ्यांचे वारस, त्यांतले निम्मे मुंबईला. त्यांना शोधून, समजावून संमती मिळवण्यात अधिकाऱ्यांचे जोडे झिजले. गोव्यात खाजण जमिनींच्या काळजीने मार्गाला विरोध झाला आणि न्यायमूर्ती ओझा यांच्या चौकशीपायी तेथले काम खोळंबले. पेडण्याच्या बोगद्यात तर कातळच नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ माती, जेवढी उपसावी तेवढी पुन्हा वरून खचणारी, माणसांचे बळी घेणारी, आणि दीड किलोमीटरच्या त्या अंधारात मजूर वर्षानुवर्षे वीतवीत पुढे सरकत होते. थांबलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज मात्र थांबत नव्हते. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला, तेव्हा खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला होता.

त्या कर्जाचे ओझे महामंडळाला एकट्याने पेलवेना, आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारला सुमारे चार हजार कोटींचे देणे भागभांडवलात परिवर्तित करून घ्यावे लागले. दरम्यान परतफेडीसाठी योजलेला उपाय असा की, या मार्गावर प्रत्यक्ष अंतराहून अधिक किलोमीटर धरून भाडे आकारावयाचे. देशावरच्या लोहमार्गांचा भांडवली भार सरकारी तिजोरीने वाहिला. इथे गणपतीला सावंतवाडीस निघालेला चाकरमानी, न केलेल्या प्रवासाचेही पैसे मोजून, आपल्या वाट्याची आगगाडी आपणच फेडीत राहिला, आणि हा भेद मला आजही अन्यायाचा वाटतो.