किमान आधारभूत किंमत

किमान आधारभूत किंमत (प्रचलित नाव: हमीभाव) ही भारत सरकारने ठरावीक शेतमालासाठी पेरणीच्या हंगामापूर्वी जाहीर केलेली किंमत होय. बाजारभाव या किमतीखाली घसरल्यास सरकारी यंत्रणेने त्या दराने खरेदी करावी, असे या धोरणाचे सूत्र आहे. शेतकऱ्याला रास्त उत्पन्न आणि ग्राहकाला परवडणारे अन्न ही या धोरणाची दोन मूळ उद्दिष्टे आहेत. जमीन व पाणी यांच्यावरील परिणामांमुळे शाश्वत शेतीचा तिसरा प्रश्नही त्याच्याशी जोडला गेला आहे.

इतिहास

१९६० च्या दशकात देशात धान्यटंचाई होती व आयात गव्हावर अवलंबून राहावे लागत होते. या पार्श्वभूमीवर १९६५ साली कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ या दोन संस्था स्थापन झाल्या. आयोगाचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला होते. १९८५ मध्ये आयोगाचे नाव 'कृषी खर्च व मूल्य आयोग' असे झाले. हरितक्रांतीच्या काळात नव्या संकरित व सुधारित वाणांचा खर्च पेलण्यास शेतकरी तयार झाला, त्यामागे खात्रीशीर खरेदी हे एक प्रमुख कारण होते.

निश्चितीची पद्धत

आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहारविषयक समिती २२ पिकांच्या किमती मंजूर करते. त्यांत खरिपाची १४, रब्बीची ६ आणि ताग व सुके खोबरे यांचा समावेश होतो. उसासाठी 'रास्त व किफायतशीर दर' स्वतंत्रपणे ठरतो. उसाच्या दराला ऊस नियंत्रण आदेश, १९६६ चा कायदेशीर आधार आहे. इतर पिकांच्या हमीभावाला तसा आधार नाही.

उत्पादन खर्च तीन प्रकारे मोजला जातो:

* ए-२ : बियाणे, खते, औषधे, मजुरी, इंधन, सिंचन इत्यादींवर प्रत्यक्ष झालेला खर्च.
* ए-२ + एफएल : वरील खर्च आणि कुटुंबीयांच्या श्रमाचे अंदाजित मूल्य.
* सी-२ : वरील दोन्ही, शिवाय स्वतःच्या जमिनीचा अंदाजित खंड व स्थिर भांडवलावरील व्याज.

एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने (२००४–२००६) हमीभाव उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के अधिक असावा, अशी शिफारस केली. २०१८ पासून केंद्र सरकार दीडपट भावासाठी 'ए-२ + एफएल' हा खर्च आधार धरते. शेतकरी संघटना 'सी-२' धरण्याची मागणी करतात. वादाचा मोठा भाग या फरकाशी निगडित आहे.

ग्राहकांशी संबंध

खरेदी केलेला गहू व तांदूळ रास्त भाव दुकानांतून वितरित होतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क मिळाला. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरडधान्ये १ रुपया प्रतिकिलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाते. खरेदीची किंमत आणि वितरणाचा दर यांतील फरक अन्न अनुदानातून भरला जातो. म्हणजेच या धान्यापुरता स्वस्ताईचा भार शेतकऱ्याऐवजी सरकारी तिजोरीवर पडतो.

पर्यावरणीय परिणाम

प्रत्यक्ष खरेदी मुख्यतः गहू व भात यांची होत असल्याने पीकपद्धती त्या दिशेने झुकली. पंजाबात भात हे पारंपरिक मुख्य पीक नसताना आज ते सुमारे ३० लाख हेक्टरांवर घेतले जाते. खात्रीची खरेदी आणि शेतीपंपांना मोफत वीज यांमुळे भूजलाचा उपसा वाढला. २००९ च्या कायद्याने तेथे ठरावीक तारखेपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. त्यामुळे कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीपूर्वीचा अवधी घटला आणि भाताचे अवशेष जाळण्याचे प्रमाण वाढण्यास हातभार लागला, असे अनेक अभ्यासक मानतात.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन, कापूस ही पिके यादीत असली तरी त्यांची खरेदी मर्यादित व अनियमित राहिली आहे. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे विक्रमी उत्पादन झाले. बोनससह ५,०५० रुपये प्रतिक्विंटल हमीभाव असताना बाजारभाव त्याखाली गेले. खरेदी केंद्रांबाहेर रांगा लागल्या व बारदान्याचा तुटवडा जाणवला.

कांदा यादीत नाही. त्याचे भाव चढल्यावर शहरी ग्राहकांसाठी निर्यातीवर निर्बंध येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क व डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागू झाली. भाव कोसळल्यावर मात्र तसे संरक्षण मिळत नाही, अशी कांदा उत्पादकांची तक्रार असते. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० साली चाकण येथे झालेल्या कांदा आंदोलनाचा विषयही रास्त भाव हाच होता.

टीका व पर्याय

शांता कुमार समितीच्या २०१५ च्या अहवालानुसार केवळ ६ टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकू शकले होते. हमीभावाला कायद्याचे संरक्षण द्यावे, ही २०२०–२१ च्या शेतकरी आंदोलनातील एक प्रमुख मागणी होती. सर्व पिकांची खरेदी करणे सरकारला आर्थिकदृष्ट्या पेलणार नाही, असा विरोधी युक्तिवाद केला जातो. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजनेद्वारे बाजारभाव व हमीभाव यांतील फरक थेट देण्याचा प्रयोग केला. त्या काळात व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याचे आरोप झाले. कडधान्ये, तेलबिया व ज्वारी-बाजरीसारख्या कमी पाण्याच्या पिकांची खरेदी वाढवून ती शिधावाटपात आणावीत, हा आणखी एक पर्याय सुचवला जातो.

हे सुद्धा पहा

* हरितक्रांती
* कृषी उत्पन्न बाजार समिती
* सार्वजनिक वितरण व्यवस्था
* शेतकरी संघटना