मरुताला न मिळालेले इंजिन

साध्या मोटारीत जोरदार इंजिन बसविण्याची हौस जुनी आहे. सरकारी कामासाठी अँबॅसिडरमधून ज्यांनी वर्षानुवर्षे दौरे केले, त्या आमच्या वाचकांस आठवत असेल की, १९९०च्या दशकाच्या आरंभी त्या गाडीत जुन्या १४८९ घ. सें.मी.च्या इंजिनाच्या जागी इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले. गाडीची चाल बदलली खरी. पण त्यासोबत पाच गतींचा गिअरबॉक्सही आणावा लागला. इंजिन एकटे कधीच येत नाही. त्याचे वजन, त्याची उष्णता, त्याची तहान हे सारे लटांबर बरोबर येते.

याच उद्योगाचे एक मोठे प्रकरण बंगळूरच्या विमान कारखान्यात घडले. हा कारखाना १९४० मध्ये मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारला. त्यांची आधीची ओढ मोटारींची होती; म्हैसुरात मोटार कारखाना काढण्याच्या खटपटीत विश्वेश्वरय्याही होते. तो योग तेथे आला नाही. वालचंदांची मोटार कंपनी १९४४ मध्ये मुंबईस निघाली, आणि बंगळूरच्या वाट्यास विमाने आली.

१९५६ मध्ये येथे जर्मन अभियंता कुर्ट टँक यांना पाचारण करण्यात आले. स्वनातीत लढाऊ विमान घडविणे हे त्यांचे काम. इंजिनबदल म्हणजे काय, हे त्यांच्याहून अधिक कोण जाणत होते? महायुद्धात त्यांच्याच फॉक-वुल्फ १९० या विमानात बीएमडब्ल्यूच्या इंजिनाऐवजी युंकर्सचे लांबट इंजिन बसविले गेले, तेव्हा नाक लांबले. तोल सांभाळण्यासाठी शेपटीकडेही सुमारे अर्धा मीटर लांबीचा तुकडा घालावा लागला. १९४४ मध्ये ते विमान युद्धात उतरले आणि नावाजले गेले.

बंगळूरचे एचएफ-२४ ‘मरुत’ मात्र उलट्या क्रमाने घडले. त्याचा सडपातळ, देखणा बांधा ब्रिस्टल ऑर्फियस १२ या इंजिनाच्या भरवशावर आखलेला होता. दोन इंजिने शेजारी-शेजारी, प्रत्येकाचा रेटा ६,८१० पौंड. आणि बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन पेटविले की ८,१७० पौंड. ब्रिटिशांना त्या इंजिनाची गरज उरली नाही. पुढील विकासाचा खर्च भारताने सोसावा, असे सांगण्यात आले. दिल्लीने नकार दिला. अखेर नॅट विमानाच्या इंजिनाचाच भाऊबंद असलेले ऑर्फियस ७०३, रेटा ४,८५० पौंड, त्या देहात बसले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी विमान प्रथम आकाशात नेले. ते उत्तम उडाले, पण सरळ उड्डाणात स्वनवेग ओलांडणे त्याच्या ताकदीबाहेरचे होते.

मग सुरू झाला इंजिनाचा शोध. रशियन इंजिनांची पारख झाली. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंता ब्रँडनर ई-३०० नावाचे इंजिन बनवीत होते. एक मरुत तिकडे पाठवून एका बाजूस ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूस ई-३०० अशी जोडणी १९६७ मध्ये उडविण्यात आली. अशी विजोड जोडी क्वचितच कोणी उडविली असेल! १९६९ मध्ये तोही अध्याय मिटला.

घरचा प्रयत्न बंगळूरच्याच गॅस टर्बाइन संशोधन संस्थेचा. तिने ऑर्फियसला पुनर्ज्वलनाची जोड दिली आणि रेटा वाढला. पण त्या नळकांड्यांना जागा देण्यासाठी विमानाचा मागचा भाग फुगवावा लागला. तेथे हवेचा अडथळा वाढला आणि मिळविलेल्या रेट्याचा मोठा वाटा त्यानेच गिळला. टँक यांच्या रेखीव बांध्याने परके बळ स्वीकारले नाही, असे म्हणावेसे वाटते. या पुनर्ज्वलनाच्या विमानातूनच १० जानेवारी १९७० रोजी उड्डाण करताना सुरंजन दास यांना मृत्यू आला.

दिल्लीच्या त्या नकारास अदूरदृष्टी म्हणण्याची रीत आहे. आम्ही तिच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहोत. वाचलेली रक्कम पुढे कित्येक वर्षांच्या वणवणीत गेली. तथापि हाती नसलेल्या इंजिनावर अवघे विमान आखणे, हा जुगार रेखाटनाच्या मेजावरच खेळला गेला होता, हेही नोंदविले पाहिजे. त्या मेजावर दिल्लीचे कारकून नव्हते.

एकूण १४७ मरुत बनली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती जमिनीलगत वेगाने उडाली. एक इंजिन निकामी होऊनही काही वैमानिक त्यांतून सुखरूप तळावर परतले. १९९० मध्ये ती सेवेतून गेली. बंगळूरच्या विमान कारखान्याजवळील एका रस्त्यास सुरंजन दास यांचे नाव आहे. आणि एक मरुत टँक यांच्या मायदेशी, म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम येथील संग्रहालयात, त्याच लहान इंजिनांच्या मापाची शेपटी घेऊन उभे आहे.