डोळ्याचा पडदा आणि सूर्याचा डाग

आपल्या वऱ्हाडात म्हाताऱ्या माणसाची दृष्टी मंदावली की घरोघर एकच निदान होते : मोतीबिंदू. आणि सल्लाही एकच : पिकू द्या. माझे एक चुलते अकोल्यास असेच दोन वर्षे वाट पाहत बसले. शस्त्रक्रिया यथासांग झाली, पट्टी सुटली, पण अंधार हटला नाही. मोतीबिंदू हा भिंगाचा दोष; त्यांचा तर मागचा पडदाच मधुमेहाने पोखरला होता. हा रोग बराच काळ दुखत नाही की खुपत नाही.

चरक-सुश्रुतांना मधुमेह ठाऊक होता, पण जिवंत डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन १८५१ साली हेल्महोल्ट्झने दिले. चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या येगरने मधुमेही रोग्याच्या पडद्यावरील फेरफार वर्णिले. तरी हे अंधत्व विरळाच राहिले, कारण रोगी तेवढे जगतच नसत! १९२२ साली इन्सुलिन आले, माणसे वीस-वीस वर्षे जगू लागली, आणि मग डोळे जाऊ लागले.

उपाय काय? १९५३ साली डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिची मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी निकामी झाली, आणि पडद्याचा रोग ओसरला. झाले, शस्त्रवैद्य डोळ्यांसाठी ती ग्रंथीच काढू लागले! आज अंगावर काटा येतो. पण आंधळा होत चाललेला माणूस कशाला कबूल होणार नाही?

खरी वाट निघाली ती ग्रहणातून. १९४५ च्या जुलैत हँबुर्गला एका विद्यार्थ्याने उघड्या डोळ्यांनी सूर्यग्रहण पाहिले आणि पडद्यावर डाग पाडून घेतला. आपल्या आज्या ग्रहण पाहू नका म्हणत, ते निदान याबाबतीत खरे. डॉक्टर मायर-श्विकेराथ यांना मात्र त्या डागात औषध दिसले. त्यांनी गच्चीवर आरसे मांडून सूर्यकिरण रोग्याच्या डोळ्यात सोडले व फाटका पडदा डागून सांधला. अकोल्याच्या वैशाखात हे सोपे होते. हँबुर्गच्या ढगाळ आभाळाखाली नव्हे. म्हणून पुढे विजेचे दिवे आले, १९६० नंतर लेसर आला, आणि हीच डागणी मधुमेहाच्या पडद्यावर होऊ लागली.

युक्ती अशी : प्राणवायूला आसुसलेला पडदा नव्या रक्तवाहिन्यांची हाक घालतो. त्या कच्च्या असतात, फुटतात, डोळ्यात रक्त साचते. कडेचा पडदा डागला की ती हाक मंदावते. कडेची व रात्रीची नजर थोडी जाते, मधली वाचते. १९७६ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले की दृष्टी जाण्याचा धोका याने निम्म्याहून कमी होतो. आता ती हाक अडवणारी इंजेक्शनेही डोळ्यात देतात.

गेलेला पडदा मात्र यातले काहीच परत आणत नाही. म्हणून मधुमेह्याने दिसत असतानाच, वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहून घ्यावा. त्या दिवशी उन्हाने डोळे दिपतात. सोबतीला कुणी असावे, आणि छत्री.