करंज

करंज : शिंबावंत (फॅबेसी) कुलातला मध्यम उंचीचा, जवळजवळ सदाहरित देशी वृक्ष. शास्त्रीय नाव पोंगेमिया पिनाटा. त्यातले ‘पोंगेमिया’ दक्षिणेतल्या ‘पुंगम’ या नावावरून आले. संस्कृतात करंज, नक्तमाल. कन्नडमध्ये होंगे, तेलुगूत कानुगा. इंग्रजीतले नाव ‘इंडियन बीच’, पण त्यावर जाऊ नये. युरोपातला खरा बीच ओकच्या कुळातला आणि करंज तूर, हरभरा, पळस यांच्या भाऊबंदांतला.

शिरूर तालुक्यातला, भीमा आणि घोड या नद्यांमधला न्हावऱ्याचा पट्टा पर्जन्यछायेतला. इथल्या मुरमाड माळावर बाभूळ आणि कडुलिंब तग धरतात. करंज मूळचा ओढ्याकाठचा, नदीकाठचा. रस्त्याकडेला दिसतात ते बहुतेक लावलेले. मुळे एकदा खोल गेली की झाड उन्हाळा सोसते, आणि गुरे याचा पाला सहसा खात नसल्याने रोपही वाचते. याच तालुक्यातल्या बाभूळसरच्या नावात जशी बाभूळ, तसा करंजावण्याच्या नावात करंज ऐकू येतो.

ओळख पटवायला पान पुरते. एका देठावर समोरासमोर पर्णिका, टोकाला एकटी एक. मिळून बहुधा 5 किंवा 7. कडुलिंबाच्या पर्णिकेला करवतीसारखे दाते असतात, करंजाची कड सलग. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळून झाड थोडे दिवस ओकेबोके होते, मग तांबूस पालवी फुटते आणि बघता बघता चकचकीत हिरवी होते. पुढे त्याच पानांवर पुळ्यांसारखे बारीक फोड दिसू लागतात. तो झाडाचा ‘देवी’चा आजार नव्हे, कोळ्यांच्या वर्गातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गाठींत राहतात. झाड त्याने मरत नाही.

मार्च ते मे या काळात पांढरट, गुलाबी-जांभळट फुलांचे तुरे येतात. घडण मटारच्या फुलासारखी, पतंगरूप. सकाळी झाडाखाली लाह्या सांडल्यासारखा सडा पडलेला असतो आणि वर मधमाश्यांची घूं-घूं चालू असते.

शेंग 4 ते 6 सेंमी. लांब, चपटी, टणक, टोकाला वाकडी चोच. आत बहुधा एकच बी. दिवाळीच्या करंजीचे नाव हिच्यावरूनच पडले असे सांगतात, आणि दोघी शेजारी ठेवल्या तर ते पटते. शेंग पिकायला दहा-अकरा महिने लागतात, त्यामुळे नव्या फुलांच्या वेळी जुन्या शेंगाही फांदीवर लोंबत असतात. तुरीच्या शेंगेसारखी ती तडकत नाही. पाण्यावर तरंगते, पुराबरोबर वाहत जाते, साल कुजली की बी रुजते. ओढ्याकाठी करंज का, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

बियांत साधारण तीस टक्के तेल. ते कडू, उग्र वासाचे आणि खाण्यास अयोग्य. पण दिव्यात, साबणात, कातडी कमावताना आणि खरूज-नायट्यावर पूर्वापार वापरात आहे. पेंड खत म्हणून शेतात जाते, शिवाय किडींनाही नकोशी वाटते. बायोडिझेलच्या गाजावाजात जट्रोफाच्या जोडीने करंजाचेही नाव झाले. मात्र झाड शेंगांवर यायलाच पाच-सात वर्षे जातात, हे त्या घाईत मागे पडले.

लताकरंज ही निराळी वनस्पती, काटेरी वेल. मुली खेळतात ते राखाडी सागरगोटे तिचे, करंजाचे नव्हेत.