दान कोणाचे, भार कोणावर? करमाफीच्या जमिनींचा जुना हिशेब



गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. नोकरीला पुण्यात, गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरात. म्हणाला, "सर, माळावरची पाच एकर पडून आहे. झाडं लावायला, पाणी मुरवायला एखाद्या संस्थेला देऊन टाकावी म्हणतो. करात काही सूट मिळेल ना?" मी म्हटलं, "सुटीचं नंतर बघू. आधी हे सांग, तुझ्या दानाचा भार कोण उचलणार?" तो गप्प झाला. आजचे व्याख्यान त्या प्रश्नासाठी आहे.

लोकोपयोगी कामासाठी जमिनीचा कर सोडणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिला 'परिहार' म्हटले आहे. नवे तळे किंवा बंधारा बांधला तर ५ वर्षे माफी, पडझड झालेला दुरुस्त केला तर ४ वर्षे, झाडोऱ्याने भरलेला साफ केला तर ३ वर्षे. यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. माफीला मुदत आहे आणि माफी कामाला बांधलेली आहे.

पुढे ही मुदत सुटली. तेराव्या शतकात सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याने मंदिरे बांधली, अग्रहार वसवले. आपल्या अंबाजोगाईचे शिलालेख त्याची साक्ष देतात. अशी दाने 'यावच्चंद्रदिवाकरौ' द्यायची रीत होती, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. सुलतानी आणि मराठी अमदानीत हीच गोष्ट 'इनाम' या नावाने चालली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी अमदानीच्या कागदपत्रांत इनामाचे दोन प्रकार दिसतात. एक दिवाणनिसबत, दुसरा गावनिसबत. दिवाणनिसबत इनामात सरकार त्या जमिनीचा महसूल आपल्या येण्यातून वजा करी. तोटा सरकारचा. गावनिसबत इनामात मात्र सरकारची मागणी तेवढीच राही आणि इनाम जमिनीचा वाटा उरलेले गाव भरी.

हिशेबापुरते एक गाव धरू. १०० चावर जमीन, १,००० रुपये महसूल, म्हणजे चावरामागे १० रुपये. त्यातली १० चावर इनाम झाली. दिवाणनिसबत असेल तर बाकीचे शेतकरी पूर्वीसारखेच १० रुपये भरतील आणि सरकारला ९०० मिळतील. गावनिसबत असेल तर तेच १,००० रुपये ९० चावरांवर बसतील. चावरामागे ११ रुपये पावणेदोन आणे! इनामदाराला करमाफी, आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर रुपयाहून जास्त बोजा. यालाच आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

पण गावनिसबत म्हणजे अन्यायच, असा निष्कर्ष लगेच काढू नका. गाव हा भार कधी राजीखुशीने घेई, कारण मोबदला गावातच मिळे. कुणी गावची सेवा करी, कुणी देवाची दिवाबत्ती सांभाळी. भार आणि लाभ एकाच वेशीच्या आत असले की तो सौदा असतो. भार वेशीच्या आत आणि लाभ बाहेर गेला, की ती लूट होते.

हा प्रश्न काही आपलाच नाही. अमेरिकेत जमिनीवर बांधकाम न करण्याचा हक्क कायमचा दान दिला, तर प्राप्तिकरात वजावट मिळते. १९७६ साली ही सवलत कायद्यात आली, १९८० साली कायम झाली. आपल्या भाषेत ही दिवाणनिसबत. भार साऱ्या देशावर. पण तिथे शाळा आणि रस्ते बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात. दान दिलेल्या जमिनीचे करमूल्य उतरले की तो वाटा शेजाऱ्यांवर सरकू शकतो. ही झाली गावनिसबत. समर्थक म्हणतात, मोकळ्या रानाला शाळा लागत नाही, गटार लागत नाही, त्यामुळे गावाचा खर्चही वाचतो. युक्तिवाद खोटा नाही. मात्र काहींनी जमिनीची किंमत भरमसाट फुगवून वजावटीचा धंदाच मांडला आणि २०२२ साली तिथल्या संसदेला त्याला लगाम घालावा लागला.

आपल्याकडेही दानाचा हेतू कसा हरवतो ते पाहा. हैदराबाद राज्याने १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द केली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली. म्हणून मराठवाड्यात खिदमतमाश जमिनी राहिल्या. खिदमत म्हणजे सेवा. जमीन सेवेसाठी, मालकीसाठी नव्हे. तरी अशा जमिनी परस्पर विकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सनद राहिली, सेवा गेली, आणि विचारणारे कुणी उरले नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याला मी सांगितलं, "बाबा, प्राप्तिकरात पैशाच्या रूपातल्या देणगीला वजावट मिळू शकते, जमिनीच्या दानाला नाही. माळाचा शेतसारा तर नाममात्रच. तेव्हा करात फार काही सुटणार नाही आणि गावच्या करदात्यावर फार काही चढणारही नाही." तो म्हणाला, "मग गावाचा तोटा काहीच नाही!"

इथेच माणूस फसतो. त्या माळावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आली की कर कोण भरतं? दसरा-दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. मागे राहते म्हातारी आणि तिच्या चार शेळ्या. शेळी ही गरिबाची गाय. तिचा चारा बंद झाला की म्हातारी कर भरू लागली, फक्त त्याची पावती फुटत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, म्हणून हिशेबातही नसतं. चांगल्या कामाची ही गावनिसबत बाजू आहे. मुरलेल्या पाण्याचा लाभ मात्र खालच्या अंगाला ज्याची विहीर, त्याला.

म्हणून जमीन देऊ नये असे मी म्हणत नाही. या बीडमध्ये निजामशाहीतली खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीचे पाणी पाटाने शेतीबागांना जाई. लोकोपयोगी काम चारशे वर्षांनंतरही नावारूपाने उरते, ते असे. मी त्याला तीन अटी सांगितल्या. माफी असो वा मदत, ती कामाला बांधलेली आणि मुदतीची असावी. कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क भूमिहीनांचा, आणि तो ग्रामसभेत लिहून घ्यावा. देखरेख गावाची असावी. वन्यजीव कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीने खासगी जमिनीवरही समुदाय राखीव क्षेत्र करता येते. त्याच्या समितीत गावचे प्रतिनिधी असतात आणि समितीच्या ठरावाशिवाय व सरकारच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही.

जाताना तो म्हणाला, "सर, आधी म्हातारीला विचारून येतो." मी म्हटलं, "मग तुझं दान तुझं झालं."