लोकमान्यांचे तीन तुरुंगवास आणि आमचे रजिस्टर

आपल्या मांडवात मखराच्या उजव्या बाजूला दरवर्षी लोकमान्य टिळकांची तसबीर लागते. ती पुसून तिला हार घालायचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी उत्सवाच्या तोंडावर त्याच तसबिरीवरून मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला सुनावले, "लोकमान्यांच्या फोटोखाली बसायचे आणि लोकांची तोंडे दाबायची, हे शोभत नाही तुम्हाला!"

झाले होते ते असे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. एका रात्री ग्रुपवर निरोप आला की मुले पळवणारी टोळी कॉलनीत शिरली आहे, चादरी विकायचे निमित्त करते, सावध राहा आणि पुढे पाठवा. सोबत दोन माणसांचा अंधूक फोटो. निरोप पाठवणारे काका सत्तरीच्या घरातले, मंडळाच्या स्थापनेपासूनचे. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. मी कोणाला काही न विचारता, न सांगता तो निरोप काढून टाकला आणि झोपलो. सकाळी काका ग्रुपमधून बाहेर पडलेले. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर नवी बातमी फिरली, "खरे होते म्हणूनच काढले. वरून दाबायला सांगितले असणार." तिसऱ्या दिवशी फाटकापाशी एका चादरवाल्याला पोरांनी घेरले. आर.पी.एफ.चा एक जवान त्याला ओळखत होता, म्हणून निभावले.

खोटी बातमी थांबवायला गेलो आणि तिला पाय फुटले ते माझ्याच हातून. मी डिप्लोमावाला, सिग्नल खात्यातला माणूस. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण काकांनी लोकमान्यांचे नाव घेतले म्हणून लोकमान्यांचीच चरित्रे पुन्हा वाचायला काढली. त्यात जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला तुरुंग

टिळकांचा तुरुंग म्हटला की आपल्याला मंडाले आठवते. पण ते पहिल्यांदा तुरुंगात गेले १८८२ साली, आणि तेही राजद्रोहासाठी नव्हे. छापलेली पत्रे खोटी निघाली म्हणून!

'केसरी' आणि 'मराठा' जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाले. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघेही जेमतेम पंचविशीचे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी तेव्हा सर्वत्र कुजबुज होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रे या दोघांच्या हाती आली. ती अस्सल आहेत असे समजून त्यांच्या आधाराने दोन्ही पत्रांतून टीकेची झोड उठली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. जामिनाच्या वेळी महात्मा फुल्यांच्या वर्तुळातले रामशेट उरवणे पुढे आले होते, हेही आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपण नेहमी ही गोष्ट इथे संपवतो. पण पुढचे वर्ष वाचले पाहिजे. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीला ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्या तरुण महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे पत्रे खोटी होती, पण काळजी खोटी नव्हती. खोटी बातमी बऱ्याचदा अशीच असते. तिच्या पोटात खऱ्या भीतीचा एक खडा असतो. बातमी नुसती पुसली तरी तो खडा तसाच राहतो.

प्लेगचे वर्ष

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग उघड झाला. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारतात, त्याच्या देहातून औषध काढतात, अशा अफवा उठल्या. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. आम्हा रेल्वेवाल्यांसाठी त्यातली एक गंमत म्हणजे रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांच्या तपासणीचा उल्लेख त्या कायद्यातच आहे. याच कायद्याने २०२० मध्ये करोनाच्या काळात पुन्हा आपली गाठ घेतली.

पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने गोरे शिपाई घरोघर घुसवले. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे हे टिळकांना मान्य होते. पुढारी शहर सोडून जात असताना ते पुण्यातच राहिले आणि प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढे होते. त्यांचा राग होता तो पद्धतीवर. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढच्या महिन्यात टिळकांना अटक झाली. खटला चालला तो शिवाजी उत्सवाच्या वृत्तांतावरून, १५ जूनच्या 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव! हा अर्थ धरला तर सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा झाला. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम आणखी रुंद केले, समाजांत वैर पसरवण्याचे १५३-अ कलम नव्याने घातले आणि अफवांचे ५०५ कलमही नव्याने लिहिले. अफवा, वैर आणि सरकारवरची टीका या तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वर्षी एकाच हाताने कायद्यात बांधल्या गेल्या. त्यांची जी सरमिसळ झाली ती पुढे पुष्कळ वर्षे सुटली नाही.

गोखल्यांची माफी

त्याच १८९७ मध्ये नामदार गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये आरोप केला की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. परत आल्यावर पुरावा गोळा करायला गेले, तर उघडपणे सांगायला कोणी पुढे येईना. आरोप सिद्ध करता येत नाही असे दिसताच गोखल्यांनी गव्हर्नरांची आणि प्लेगच्या कामावरील शिपायांची बिनशर्त माफी मागितली. मात्र पत्रे पाठवणाऱ्यांची नावे त्यांनी शेवटपर्यंत दिली नाहीत.

या माफीबद्दल गोखल्यांना स्वकीयांनी भित्रा म्हटले. मला मात्र वाटते की यात दोन धडे आहेत. पहिला, जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो असलो तर ज्या व्यासपीठावरून बोललो तिथेच, आपल्या नावानिशी मागे घ्यावे. दुसरा, चूक आपली म्हणून ज्याने विश्वासाने सांगितले त्याला पोलिसांच्या हवाली करू नये. २०२१ च्या आय.टी. नियमांनंतर 'निरोप मुळात कोणी पाठवला ते सांगा' यावरून जो वाद झाला, तो वाचताना मला गोखल्यांची आठवण झाली.

तिसरा तुरुंग सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर सरकारने वृत्तपत्रांवर नवा कायदा आणला. 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख आले. दावरसाहेबांपुढे खटला चालला, ज्यूरी सात विरुद्ध दोन आणि शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. दडपशाहीचा उपाय टिकत नाही असे लिहिणाऱ्याला दडपून सरकारने ते वाक्य मात्र टिकवले!

आता तीन तुरुंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८८२ मध्ये प्रश्न होता 'हे खरे आहे का?' १८९७ आणि १९०८ मध्ये प्रश्न होता 'हे सरकारला आवडते का?' पहिला प्रश्न विचारायला कोणाचीच हरकत नसावी. टिळकांनीही तेव्हा तो मान्य करून माफी मागितली. दुसऱ्या प्रश्नापुढे ते झुकले नाहीत. घोटाळा होतो तो दुसरा प्रश्न पहिल्याचे कपडे घालून येतो तेव्हा.

आपल्या काळात

शब्दाने माणसे मरत नाहीत, असे आपल्याला म्हणता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. आपल्या ग्रुपवर आला होता तसाच निरोप त्यामागे होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्याआधी ऑगस्ट २०१२ मध्ये, ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशी अफवा बेंगळुरूमध्ये उठली आणि हजारो मुले-मुली एका रात्रीत स्टेशनवर आली. रेल्वेला गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने काही दिवस एका वेळी पाचच एस.एम.एस. पाठवायची मुभा ठेवली. त्या दिवसांत ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरमध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या मुलीला आणि त्या ओळी 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. आय.टी. कायद्याचे ६६-अ हे कलम तिथे वापरले गेले. चीड आणणारा, त्रासदायक मजकूर म्हणजे गुन्हा, इतकी ढगळ त्याची भाषा होती. स्ट्रॅचीसाहेबाच्या 'प्रीतीच्या अभावा'चीच ही नवी आवृत्ती. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. चर्चा करणे, बाजू मांडणे आणि चिथावणी देणे या तीन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या आणि अटकाव फक्त तिसरीला, असे ठरवले. मात्र मजकूर बंद करण्याचे ६९-अ हे कलम त्याच निकालात कायम राहिले, कारण त्यात कारणे लेखी नोंदवावी लागतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या कारभाराविषयी खरे-खोटे ठरवणारे पथक सरकारनेच नेमावे असा नियम आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो २ विरुद्ध १ अशा बहुमताने रद्द केला. ज्याच्यावर आरोप त्यानेच पंच व्हायचे, हे आपल्या मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेतसुद्धा चालत नाही. राजद्रोहाचे १२४-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात १५२ वे कलम देशाच्या सार्वभौमत्वाला धोका आणणाऱ्या कृत्यांचे आहे आणि ३५३ वे खोट्या माहितीचे. कलमांचे क्रमांक बदलले. १८८२ आणि १८९७ यांतला फरक ओळखण्याचे काम मात्र आपल्यावरच राहिले.

आमचे रजिस्टर

आता थोडे माझ्या धंद्यातले. सिग्नलचा नियम असा की शंका आली की लाल. बिघाड झाला तरी सिग्नल लालच पडला पाहिजे. त्या रात्री मी ग्रुपवर तोच नियम लावला. पण गाडी थांबली की निदान तिथेच उभी राहते. निरोप थांबवला की तो रुळावरून उतरून गल्लीबोळांतून चालू लागतो.

आमच्याकडे दुसराही एक नियम आहे आणि तो जास्त उपयोगाचा निघाला. स्टेशन मास्तर फाटकवाल्याला किंवा शेजारच्या स्टेशनला फोनवर महत्त्वाचा निरोप देतो तेव्हा प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो आणि तो रजिस्टरात लिहिला जातो. कोणी सांगितले, कोणी ऐकले, किती वाजता, सगळे कागदावर. नंबर नसेल तर निरोप पक्का नाही, मग सांगणारा कितीही ओळखीचा असो. आणि रजिस्टरात चूक झालीच तर खोडायचे नाही, रबर लावायचा नाही. वाचता येईल अशी एक रेघ मारायची, बरोबर ते वर लिहायचे आणि सही करायची. अपघाताची चौकशी होते तेव्हा खाडाखोड केलेले पान चुकलेल्या पानापेक्षा जास्त महागात पडते.

चादरवाल्याचा प्रसंग झाला त्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. काकू चहा ठेवून आत गेल्या. मी म्हटले, "काका, निरोप खोटा होता, पण मी तो चोरासारखा काढला ही माझी चूक." काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीही कोणाला विचारले नव्हते रे. नातवाची भीती वाटली आणि पाठवून दिले." ही भीती म्हणजेच तो खडा. आम्ही दोघांनी मिळून पोलीस चौकीत चौकशी केली. कॉलनीत किंवा आसपास एकही मूल हरवल्याची नोंद नव्हती. रात्री काका ग्रुपवर परत आले. तोच निरोप त्यांनी पुन्हा टाकला आणि खाली लिहिले की हे चुकीचे आहे, मी स्वतः चौकीत जाऊन विचारले आहे, आणि पुढे आपले नाव. कॉलनीतली कुजबुज दोन दिवसांत थांबली. माझ्या पुसण्याने जे झाले नाही ते काकांच्या सहीने झाले.

विसर्जनाच्या दिवशी तो चादरवाला मांडवाशी आला होता. काकांनीच त्याला प्रसादाचा द्रोण दिला. यंदा तसबिरीला हार घालायचे काम मी काकांकडे सोपवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!