टोपलीपासून सडकेपर्यंत डांबर



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब राहिला बाजूला आणि तासभर वाद झाला तो एका पिंपावरून. गावात सडकेचं काम संपलं होतं आणि डांबराची रिकामी पिंपं स्वस्तात मिळत होती. एका ताईंनी दोन घेतली. आतून जाळून, घासून पाणी साठवायला वापरायची, असा त्यांचा बेत. दुसऱ्या म्हणाल्या, "डांबराच्या पिंपातलं पाणी कुणी पितं का?" पहिल्या म्हणाल्या, "डांबर लावलं की टाकी गळायची थांबते, मग ते वाईट कसं?" एवढ्यात नवीन सून झालेल्या मुलीनं विचारलं, "पण मावशी, डांबर येतं कुठून? खाणीतून का कारखान्यातून?"

मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय, पण मला उत्तर देता आलं नाही. मग वाचत गेले. तेव्हा कळलं की आपण 'डांबर' या एकाच नावानं दोन वेगळ्या वस्तू ओळखतो. एक जमिनीतल्या तेलाची, दुसरी दगडी कोळशाची. दिसायला दोन्ही काळ्या, चिकट. पण दोघींचं कूळ वेगळं आणि गुणही वेगळे.

आधी तेलाचं डांबर. फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी बारीक जीव मरून गाळात दबले, त्यांचं लाखो वर्षांत तेल झालं. ते तेल भेगांतून वर झिरपलं की त्यातला पातळ भाग उडून जातो आणि घट्ट, काळा भाग मागे राहतो. उसाचा रस आटून काकवी उरावी तसं. काकवीसारखंच ते थंडीत घट्ट होतं, ऊन लागलं की मऊ पडतं. पाण्यात विरघळत नाही आणि पाणी आत येऊ देत नाही. माणसाला त्याचं मोल कळलं ते या गुणामुळे.

आणि कळलं कधी, तर सडका व्हायच्या कितीतरी आधी! आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात मेहेरगढ नावाची जागा आहे. तिथे १९७४ पासून फ्रेंच संशोधकांनी खोदकाम केलं. अगदी जुन्या, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत त्यांना डांबर लिंपलेल्या टोपल्यांच्या खुणा मिळाल्या. त्या काळी तिथे मातीची भाजलेली भांडीही नव्हती. हे मी गटात सांगितलं तेव्हा आमच्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "म्हणजे आपण टोपली शेणानं सारवतो, त्या डांबरानं सारवायच्या." बरोबर तेच. त्या टोपल्या बायकांनीच विणल्या असतील, असं मला आपलं वाटतं. पुरावा नाही.

पुढे सिंधमध्ये मोहेंजोदडो वसलं. तिथलं मोठं स्नानकुंड शाळेच्या पुस्तकात चित्रात पाहिलेलं आठवत असेल. ते १९२५-२६ मध्ये खोदून काढलं. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल. पक्क्या विटा अगदी खेटून बसवलेल्या आणि पाणी मुरू नये म्हणून भिंतींच्या बाजूनं डांबराचा जाड थर. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी हे केलंय. आपल्या गावातली टाकी चार पावसाळ्यांत गळते, ते वेगळं.

इराकमध्ये युफ्रेटिस नदीकाठी हीत नावाचं गाव आहे, तिथे डांबर झऱ्यासारखं जमिनीतून वर येतं. बाबिलोनच्या तटाच्या विटा सांधायला तिथलंच डांबर नेलं, असं हिरोडोटस या ग्रीक लेखकानं लिहून ठेवलंय. तिकडे सारगॉन राजाची एक दंतकथा आहे. आईनं जन्मलेलं बाळ बोरूच्या टोपलीत ठेवलं, टोपलीचं झाकण डांबरानं बंद केलं आणि ती नदीत सोडली. पुढे पाणी भरणाऱ्या एका माणसाला ते बाळ सापडलं. आपल्याला कर्णाची आठवण होतेच. त्या नदीवर डांबर फासलेल्या टोपल्यांसारख्या गोल होड्या मात्र खऱ्याच होत्या, आणि अगदी गेल्या शतकापर्यंत चालत होत्या.

डांबराचं तळंसुद्धा असतं बरं का! वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर सुमारे शंभर एकरांचं डांबराचं तळं आहे. बऱ्याच भागावरून चालत जाता येतं. खणून डांबर काढलं की खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले हा इंग्रज दर्यावर्दी तिथे गेला आणि आपल्या गळक्या जहाजांच्या फटी त्यानं त्या डांबरानं बुजवल्या. आपल्या सडकेवरचं डांबर मात्र तळ्यातलं नाही. खनिज तेल तापवून त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं काढतात, शेवटी तळाशी उरतं ते हे. म्हणजे सूनबाईंना उत्तर असं, की मूळ जमिनीतलं आणि निघतं कारखान्यातून.

आता दुसरं डांबर, कोळशाचं. याचा जन्म अलीकडचा. दीड-दोनशे वर्षांपूर्वी शहरांत गॅसचे दिवे आले, मुंबईतही १८६५ मध्ये रस्त्यांवर लागले. तो गॅस बंद भट्टीत दगडी कोळसा तापवून काढत. मागे उग्र वासाचं काळं पाणीदार डांबर उरायचं. सुरुवातीला ही नुसती घाण होती, टाकायची कुठे हा प्रश्न. मग १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोरानं औषध करायला जाऊन त्यातून चुकून जांभळा रंग काढला, आणि रंगांचे कारखाने उभे राहिले. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्या देशातली निळीची शेती ढासळत गेली. ती नीळ करायला जो पदार्थ लागला त्याचं नाव नॅफ्थलीन. तुमच्या कपाटातली जुन्या पद्धतीची डांबरगोळी म्हणजे तोच पदार्थ! काळं फिनाईलही याच घराण्यातलं.

सडकेवर आधी आलं तेही कोळशाचंच डांबर जास्त. १९०१ मध्ये इंग्लंडात हूली नावाच्या अधिकाऱ्याला एका रस्त्याचा तुकडा धूळ न उडणारा दिसला, अशी गोष्ट सांगतात. चौकशी केली तर कळलं, गाडीवरून डांबराचं पिंप पडून फुटलं होतं आणि जवळच्या लोखंडाच्या कारखान्यातली मळी त्यावर कुणी टाकली होती. पुढच्याच वर्षी त्यानं या मिश्रणाचं पेटंट घेतलं.

पण या दुसऱ्या डांबराची एक काळी बाजू आहे. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळलं आणि तिथे कॅन्सर झालेला दाखवला. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था कोळशाच्या डांबराला कॅन्सरचं नक्की कारण मानते. सडकेच्या डांबराच्या धुराबद्दल ती एवढं ठाम बोलत नाही, 'शक्यता आहे' म्हणते. धुरानं डोळे चुरचुरतात, घसा धरतो, हे मात्र कामावर जाणारीला कुणी सांगायला नको.

डांबरगोळ्यांबद्दल तर आवर्जून सांगते. बाळंतविड्यातली दुपटी गोळ्या घालून ठेवतो आणि तशीच बाळाला गुंडाळतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्यांना नॅफ्थलीनमुळे रक्त फुटून कावीळ होऊ शकते. दुपट्यांत गोळ्या ठेवूच नका. आणि गोळी मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यांना ती खडीसाखर वाटते.

आमच्या गटातल्या एक ताई तीन उन्हाळे डांबराच्या कामावर गेल्या. पायाला गोणपाट बांधून, डोक्यावर गरम खडीचं घमेलं. ते मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं, उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त. मागच्या वर्षी डांबर त्यांच्या पावलावर सांडलं. मुकादमानं रॉकेल ओतून ते ओढून काढलं, सोबत कातडीही आली. दोन महिने त्या घरी बसल्या, मजुरी बुडाली. तसं करायचं नसतं. चिकटलेलं डांबर ओढायचं नाही, रॉकेल लावायचं नाही. वीस मिनिटं तरी साधं गार पाणी ओतत राहायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. ते काढायचं काम डॉक्टरांचं.

त्या ताईंना आणखी एक गोष्ट माहीत नव्हती. सडकेचं काम हे कायद्यानं बांधकामच आहे. वर्षात ९० दिवस असं काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या बाईला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. दिवस भरल्याचा दाखला ठेकेदाराकडून घ्यायचा, तो देत नसेल तर ग्रामसेवकांकडे जायचं. आम्ही आमच्या गावच्या अकरा जणींचे अर्ज भरायला घेतलेत. बूट आणि हातमोजे मिळाल्याशिवाय घमेलं उचलायचं नाही, असंही त्यांच्यात ठरतंय. सगळ्यांचं एकमत अजून झालेलं नाही, कारण एकीनं नाही म्हटलं तर मुकादम दुसरीला बोलावतो.

राहिलं पिंप. आतून जाळायचं तर मुळीच नाही. उरलेल्या डांबराच्या वाफेनं बंद पिंप भडकून फुटू शकतं. आत आधी काय होतं, तेलाचं डांबर की कोळशाचं, हेही सांगता येत नाही. त्यामुळे पिण्याचं पाणी नको आणि धान्यही नको. ताई थोड्या नाराज झाल्या, पण आता दोन्ही पिंपं शाळेमागे ठेवलीत, गटाच्या प्लास्टिक कचऱ्यासाठी. एक भरलंसुद्धा.